निदान उच्चारण्याचे धैर्य

मुंबईत भायखळ्याला ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये सुरू झाले आणि १८५१ मध्ये आठ जणांची पहिली तुकडी तिथून बाहेर पडली. त्यात भाऊ दाजी लाड होते, पुढे प्रार्थना समाज स्थापन करणारे आत्माराम पांडुरंग होते, पारशी आणि ख्रिस्ती घरांतले तरुणही होते. या कॉलेजच्या नामवंतांची यादी मोठी आहे. त्यातल्या दोघांची विद्या अगदी अवघड वेळी कसाला लागली, म्हणून आज त्यांची आठवण काढावीशी वाटते.

१८६२ साली मुंबईच्या सुप्रीम कोर्टात एक खटला गाजत होता. धर्मगुरू जदुनाथजी महाराज भक्त स्त्रियांशी अनाचार करतात, असे करसनदास मुळजी यांनी आपल्या गुजराती पत्रात छापले होते. महाराजांनी पन्नास हजार रुपयांचा अब्रुनुकसानीचा दावा लावला. महाराजांच्या पाठीशी शहरातले धनाढ्य शेठ होते. साक्षीला डॉक्टर भाऊ दाजींना बोलावले गेले. त्यांनी महाराजांवर उपचार केले होते. रोग्याचे दुखणे वैद्याने पोटात ठेवावे, हा धर्म त्यांना ठाऊक नव्हता असे कोण म्हणेल? पण आता कोर्टात शपथेवर विचारले जात होते, आणि वैद्य गप्प राहिला तर खरे लिहिणारा माणूस खोटा ठरणार होता. भाऊ दाजींनी सांगितले, महाराजांना उपदंश हा गुप्तरोग झाला होता. अखेर करसनदास जिंकले.

दुसरे, अकासियो व्हिएगस. जन्म गोव्यातला, शिक्षण याच कॉलेजातले. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीच्या दाट वस्तीत त्यांनी एक रोगी तपासला. अंगात ताप, सोबत सुजलेली गाठ. पावसाळा सरत असताना मुंबईत तापाचे रोगी घरोघर असत. यालाही तसलाच ताप म्हणून औषध देऊन मोकळे होता आले असते. व्हिएगस यांनी निदान केले गाठीच्या प्लेगचे, आणि ते उघडपणे सांगितले. बंदरावर जगणाऱ्या शहरात हा शब्द उच्चारणे म्हणजे व्यापारावर घाला, जहाजांना अटकाव, लोकांची पळापळ. तरीही ते सांगितल्याशिवाय उपाय सुरू होणार नव्हते. पुढे ग्रँट कॉलेजच्याच आवारात शास्त्रज्ञ हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली.

दोघांनीही जे पाहिले, ते सांगितले. नाडी पाहणे, गाठ चाचपणे, लक्षणे जुळवणे हे कॉलेजात शिकवता येते. ते शिकलेले इतर डॉक्टरही त्या शहरात होतेच. पण निदान मनात पक्के झाल्यावर ते कोणाला रुचेल, कोणाला झोंबेल, याचा हिशेब न करता बोलणे, ही पुढची पायरी कोणत्याही परीक्षेत विचारली जात नाही. विद्येचा उपयोग समाजाला होतो, तो मात्र याच पायरीवर.

ही पायरी फक्त डॉक्टरांच्या वाट्याला येते असे नाही. पुलाच्या खांबाला पडलेली भेग इंजिनिअरला सगळ्यांच्या आधी दिसते. वर्गातले एखादे मूल आतल्या आत खचत चालले आहे, हे सर्वांत आधी शिक्षकाच्या लक्षात येते. ज्याला आधी दिसले, त्याच्यावर सांगण्याची जबाबदारीही आधी येते. म्हणून आपल्या जाणत्या नजरेला आज जे वावगे दिसेल, ते ज्याच्या कानावर घालायला हवे त्याच्या कानावर आजच घालावे. उद्यावर ढकलले की गप्प राहण्याची कारणे वाढत जातात, आणि तेवढ्या वेळात रोगही पसरत जातो.