पहिलं दार

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलो आहोत. शेताच्या बांधावरून भांडणाऱ्या भावांना ती ऐकवली तर त्यात काही अर्थ असेल. पण जिच्या मुलीवर अत्याचार झाला, ज्याचं डोकं कुणी फोडलं, ज्या म्हाताऱ्याची आयुष्यभराची पुंजी फोनवरून लुबाडली गेली, त्यांनाही आपण हीच म्हण ऐकवतो. मग ज्याने सोसलं तो गप्प बसतो आणि ज्याने केलं तो निर्धास्त फिरतो. असल्या शहाणपणाला मी शहाणपण म्हणणार नाही.

ट्रॉम्बेच्या चिता कॅम्पमधल्या एखाद्या आईचा विचार करा. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या विस्तारासाठी 1976 साली जनता कॉलनी हटवली गेली आणि तिथली माणसं इथे आणून वसवली गेली. तेव्हापासूनची ही वस्ती. या आईच्या मुलीवर अत्याचार झाला आहे. फिर्याद द्यायची ट्रॉम्बे पोलीस ठाण्यात. तपासणीसाठी जायचं गोवंडीच्या शताब्दी रुग्णालयात, नाहीतर घाटकोपरच्या राजावाडीत. भरपाईचा अर्ज उपनगर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे, म्हणजे वांद्र्याला. खटला उभा राहिला की तारखांना पार फोर्टपर्यंत. प्रत्येक खेपेला दिवसाची मजुरी बुडते आणि धाकट्या पोराला शेजारणीकडे ठेवावं लागतं. हातात प्लॅस्टिकची पिशवी. तिच्यात आधार कार्ड, रेशन कार्ड, मुलीचा जन्मदाखला आणि चार घड्या घातलेली एफआयआरची प्रत. प्रत मराठीत, घरातली बोली मात्र तमीळ नाहीतर हिंदी. आपण सांगितलं ते सगळं त्या कागदावर उतरलं आहे का, हेही तिला कळत नाही.

खरं तर कायदा तिच्या बाजूने बरंच काही सांगतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही पोलीस ठाण्याने नोंदवून घ्यायची आहे. ‘ही आमची हद्द नाही’ हे उत्तर चालत नाही. लिहिलेली खबर फिर्यादीला वाचून दाखवायची आणि तिची प्रत विनामूल्य द्यायची. तपास कुठवर आला, हे 90 दिवसांच्या आत कळवायचं. बलात्कार किंवा ॲसिड हल्ल्यातल्या पीडितेवर सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने तातडीने मोफत उपचार करायचे. ‘आधी एफआयआर आणा’ म्हणत तिला ताटकळत ठेवता येत नाही. बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याप्रमाणे मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल अशा जागी घ्यायचा, आणि घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या अंगावर गणवेश नसावा. स्त्रिया, मुलं आणि अनुसूचित जाती-जमातींतल्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ल्यातल्या पीडितांसाठी महाराष्ट्राने 2013 साली मनोधैर्य योजना आणली. तिच्यातली मदत आता काही प्रकरणांत 10 लाख रुपयांपर्यंत जाते. आणखी एक तरतूद फार थोड्यांना ठाऊक असते. आरोपी सापडला नाही, खटला उभाच राहिला नाही, तरीही पीडिताला भरपाईसाठी अर्ज करता येतो.

एवढं असूनही ती आई उंबरठे झिजवते, कारण यातलं तिला कुणी सांगितलेलंच नसतं. घाव बसलेल्या माणसाकडून आपण अपेक्षा धरतो की त्याने योजना शोधावी, अर्ज लिहावा, शिक्के आणावेत, पाठपुरावा करावा. चांगल्या प्रकृतीच्या, शिकल्या-सवरलेल्या माणसालाही ज्या कामात घाम फुटतो, ते आपण त्याच्या आयुष्यातल्या सर्वांत वाईट आठवड्यात त्याच्या माथी मारतो. माझ्या मते अन्याय इथे दुसऱ्यांदा होतो, आणि या वेळी तो करणाऱ्यांत आपणही असतो.

हे ओळखणारी माणसं ट्रॉम्बेपासून फार लांब नव्हती. देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने 1984 साली मुंबईच्या पोलीस आयुक्तालयातच महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. त्यामागचा विचार साधा होता. मार खाल्लेली बाई पोलिसांकडे येतेच, तर प्रशिक्षित समाजसेविकेनेच तिथे बसावं. पुढे राज्य सरकारने हे कक्ष जिल्ह्याजिल्ह्यांत नेले. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 2000 साली महापालिका आणि ‘सेहत’ या संस्थेने ‘दिलासा’ केंद्र उघडलं, तेही याच विचाराने. हाड मोडलेली बाई ‘जिन्यावरून पडले’ असं सांगते, तेव्हा तिला पुढचा प्रश्न हळुवारपणे विचारणारं कुणीतरी त्याच इमारतीत असावं. मदतीने जखमी माणसापर्यंत चालत जायचं असतं, हे या दोन्ही प्रयोगांनी करून दाखवलं.

महाराष्ट्राला हा धडा त्याच्याही आधी मिळाला होता. पुण्यात काशीबाई नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेला एका शास्त्र्यापासून दिवस गेले. लोकलज्जेपायी तिने नवजात मूल मारलं आणि तिला जन्मठेपेवर अंदमानला धाडण्यात आलं. हे पाहून जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी 1863 साली आपल्याच घराच्या आवारात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. गृह काढून ते थांबले नाहीत. त्याच्या जाहिराती छापून ज्या पेठांत अशा विधवा राहत, तिथल्या रस्त्यांच्या कोपऱ्यांवर त्यांनी चिकटवल्या. 1884 सालच्या टिपणात जोतीरावांनी नोंदवलं आहे की तोवर 35 गरोदर विधवा तिथे येऊन बाळंत झाल्या. भिंतीवरचा तो कागद नसता, तर त्यांतल्या कितीजणींना ते दार सापडलं असतं?

म्हणून मला आपल्या वागण्याबद्दल बोलायचं आहे. गुन्हा सोसलेला माणूस सहसा आधी पोलिसांकडे जात नाही. तो शेजारणीला सांगतो, शाळेतल्या बाईंना सांगतो, मावशीला किंवा कामावरच्या मित्राला सांगतो. पहिलं दार आपलं असतं. त्या दारात ‘तू तिथे गेलीसच कशाला?’ असा प्रश्न आला, तर पुढची सगळी दारं तिच्यासाठी बंद होतात. ‘बरं केलंस सांगितलंस, मी येते तुझ्याबरोबर’ एवढं ऐकायला मिळालं, तर तीच बाई ठाण्यात ताठ मानेने बसते. सोबत गेलेल्या माणसाला कायदा पाठ असायची गरज नसते. एफआयआरची प्रत मागून घेणं, ती तिला समजेल अशा भाषेत वाचून दाखवणं, अधिकाऱ्याचं नाव टिपून ठेवणं, पुढच्या तारखेला पुन्हा जाणं, एवढं कुणालाही जमतं. तिची गोष्ट चाळभर न करणं हाही त्याच मदतीचा भाग आहे.

ठाण्यांनी, रुग्णालयांनी आणि महापालिकेच्या शाळांनीही फुल्यांचा कित्ता गिरवावा. मदतीचे पत्ते त्या त्या वस्तीच्या भाषेत, डोळ्यांना सहज दिसतील असे लावावेत. फाइलीत पडून राहिलेली योजना कुणाच्याच कामाला येत नाही.

आणि वाचकहो, हे क्रमांक आजच घरातल्या भिंतीवर लिहून ठेवा. तातडीच्या मदतीसाठी 112, महिलांसाठी 181 आणि मुंबईतल्या महिलांसाठी 103, मुलांसाठी 1098, मोफत कायदेशीर मदतीसाठी 15100, ऑनलाइन फसवणुकीसाठी 1930. शेवटच्या क्रमांकावर जितक्या लवकर फोन कराल, तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त. उद्या कुणी तुमच्या दारात आलंच, तर नुसता क्रमांक हातात देऊ नका. फोन लागेपर्यंत शेजारी बसा, आणि त्यानंतर सोबत जा.