कटऑफ नेमका काय मोजतो?

२०२४ साली महाराष्ट्रात खुल्या प्रवर्गातल्या मुलाला सरकारी कॉलेजात एमबीबीएसची जागा मिळवायला ‘नीट’मध्ये ७२०पैकी साधारण ६४० गुण लागले. पुढच्याच वर्षी ती पाचशेच्या आसपास गुणांवर मिळाली. वर्षभरात महाराष्ट्रातली मुलं एवढी मागे पडली, असं कुणी म्हणणार नाही. पेपर बदलला होता. २०२५चा फिजिक्सचा भाग भल्याभल्यांना झेपला नाही. देशात पहिल्या आलेल्या मुलाला ६८६ गुण होते आणि ६५०च्या वर शंभर जणसुद्धा पोचले नाहीत. आदल्या वर्षी ६५०च्या वर तीस हजारांच्या घरात मुलं होती.

आकडे असे वरखाली होतात हे पालकांना ठाऊक असतं. तरी निकाल लागला की त्या आकड्याचं घरात काय होतं ते पाहावं. कटऑफच्या वर गेलेलं पोर हुशार ठरतं. दोन गुणांनी खाली राहिलेलं ‘थोडक्यात गेलं’ म्हणून नातेवाइकांना सांगितलं जातं, आणि सांगणाऱ्याच्या आवाजात एक कमीपणा येतो जो त्या पोराला बरोबर ऐकू जातो. दोन गुणांवर माणसाची किंमत ठरवण्याची ही सवय मला फार घातक वाटते. कटऑफ मुलाबद्दल फार थोडं सांगतो. रांगेत जागा कुठे संपल्या, एवढंच त्यातून कळतं. आणि त्या कुठे संपाव्यात हे मुलाच्या अभ्यासाबाहेरच्या कितीतरी गोष्टी ठरवत असतात.

सप्टेंबर २०२०मध्ये राज्य सरकारने प्रवेशाचं ७०:३०चं प्रादेशिक सूत्र रद्द केलं. तोवर विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र असे तीन विभाग होते. सत्तर टक्के जागा त्या त्या विभागातल्या मुलांना, उरलेल्या तीस टक्के सगळ्यांना. मराठवाड्यात कॉलेजं कमी, आणि लातूर-नांदेडच्या क्लासेसमुळे जास्त गुण मिळवणारी मुलं भरपूर. त्यामुळे नांदेडच्या मुलाला ज्या गुणांवर घरी बसावं लागे, तेवढ्याच गुणांवर दुसऱ्या विभागातला मुलगा सरकारी कॉलेजात जाई. मग विधिमंडळात एक घोषणा झाली आणि रेषा हलली. पुढे २०२४मध्ये हिंगोली, जालना, वाशीम, बुलढाणा, गडचिरोली वगैरे ठिकाणी मिळून दहा नवी सरकारी कॉलेजं सुरू झाली आणि ९०० जागा वाढल्या. त्या ९०० जागा नसत्या, तर आज भावी डॉक्टर म्हणून मिरवणारी तितकी मुलं ‘कमी पडलेली’ म्हणून ओळखली गेली असती. गुण तेच, मुलंही तीच.

परीक्षा निरुपयोगी आहे, असं मला म्हणायचं नाही. ३०० गुणांचा मुलगा आणि ६०० गुणांचा मुलगा यांच्या तयारीत खरंच अंतर असतं, आणि ‘नीट’ ते दाखवते. २०१६-१७पूर्वी खासगी कॉलेजांच्या वेगळ्या परीक्षा आणि डोनेशनचे व्यवहार ज्यांनी जवळून पाहिलेत, ते देशभरात एकच परीक्षा आली म्हणून सुटकेचा निःश्वास टाकतात, आणि त्यांचं बरोबर आहे. माझी तक्रार रेषेच्या अगदी अलीकडच्या आणि पलीकडच्या मुलांपुरती आहे. तिथे परीक्षेची नजर अंधूक होते, आणि नेमकी तिथेच आपण तिच्यावर सर्वांत जास्त विश्वास टाकतो.

२०२४च्या पेपरातला अणूवरचा प्रश्न आठवून पाहा. फिजिक्सच्या भागात दोन विधानं दिली होती. दुसरं असं होतं, की प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात आणि आपापला वैशिष्ट्यपूर्ण वर्णपट देतात. एनसीईआरटीच्या जुन्या पुस्तकात तसंच छापलेलं होतं. नव्या आवृत्तीत ते ‘बहुतेक मूलद्रव्यांचे अणू’ असं दुरुस्त झालं. थोरल्या बहिणीचं जुनं पुस्तक वाचलेल्या मुलाने विधान बरोबर धरलं, नवं पुस्तक वाचलेल्याने चूक. परीक्षा घेणाऱ्या एनटीएने आधी दोन्ही उत्तरांना गुण दिले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आयआयटी दिल्लीच्या तीन तज्ज्ञांना विचारलं गेलं, आणि त्यांनी एकच उत्तर बरोबर असल्याचं सांगितलं. विज्ञानाच्या दृष्टीने निर्णय योग्यच होता. पण चार लाखांहून अधिक मुलांचे प्रत्येकी ५ गुण एका दिवसात गेले: मिळालेले ४ परत घेतले आणि चुकीच्या उत्तराचा १ वजा झाला. ७२०पैकी ७२० मिळवणारे ६१ जण होते, ते १७ उरले.

या ५ गुणांचं वजन किती? कटऑफ जिथे लागतो त्या मधल्या पट्ट्यात देशपातळीवर एकेका गुणावर हजाराच्या आसपास मुलं उभी असतात. ५ गुण म्हणजे पाच-सहा हजार क्रमांक. एखाद्याचं कॉलेज, एखाद्याचं शहर, एखाद्याचं अख्खं वर्ष त्यात गेलं. घरात कुठली आवृत्ती होती यावरून चांगला डॉक्टर ओळखता येत नाही. हा प्रश्न गाजला म्हणून आपल्याला कळला. १८० प्रश्नांच्या पेपरात अंदाजाने मारलेला पर्याय, चुकून काळा झालेला गोल, आदल्या रात्रीचा ताप, केंद्रावरचं बंद पडलेलं घड्याळ, यांतली कुठलीही गोष्ट ५ गुण इकडेतिकडे करू शकते, आणि त्यातली एकही मेरिट लिस्टमध्ये दिसत नाही. तिथे फक्त क्रमांक दिसतो.

आता प्रवेशाच्या शक्यतेकडे वळू, कारण पालकांना खरी काळजी तिची असते. २०२५मध्ये सुमारे २२ लाख मुलांनी परीक्षा दिली आणि देशात एमबीबीएसच्या जागा होत्या सव्वा लाखाच्या थोड्या आत. म्हणजे अठरा-एकोणिसांत एकाला जागा. सरकारी जागा त्यातल्या साधारण निम्म्या, म्हणून सरकारी कॉलेज हवं असेल तर पस्तीस-चाळिसांत एक. क्लासच्या जाहिरातीपासून घरातल्या वादापर्यंत हे गणित सगळीकडे मांडलं जातं, पण ते कुठल्याच एका मुलाला लागू पडत नाही. डोमिसाईल कुठलं, प्रवर्ग कोणता, कास्ट व्हॅलिडिटी वेळेत हातात आली का, यांवर प्रत्येकाची शक्यता वेगळी होते. आणि सर्वांत मोठा फरक पडतो तो बापाच्या ऐपतीने.

ही ऐपत आत कुठून शिरते, ते पात्रतेच्या नियमांत दिसतं. २०१०च्या अखेरीस मेडिकल कौन्सिलने केलेल्या नियमात पात्रतेसाठी किमान ५० टक्के गुणांची अट होती. ७२०च्या हिशेबात ते ३६० झाले असते. २०१२मध्ये ती अट बदलून ५० पर्सेंटाइल झाली. ऐकायला दोन्ही सारखंच वाटतं. प्रत्यक्षात ५० पर्सेंटाइल म्हणजे परीक्षा दिलेल्यांपैकी निम्म्यांच्या पुढे असणं. निम्मी मुलं कितीही कमी गुणांवर थांबली, तरी रेषा तिथेच येते. खुल्या प्रवर्गाची ही रेषा २०२२मध्ये ११७ गुणांवर होती, २०२५मध्ये १४४वर. २०२५मध्ये पात्र ठरलेल्यांची संख्या १२ लाखांच्या वर गेली, म्हणजे जागांच्या दसपट. एवढ्या खोल यादीची गरज सरकारी कॉलेजांना नाही. त्यांच्या जागा पहिल्या काही फेऱ्यांतच भरतात. गरज पडते ती डीम्ड विद्यापीठांना, जिथे वर्षाची फी वीस-पंचवीस लाखांच्या घरात जाते आणि साडेचार वर्षांत हिशेब कोटीपर्यंत पोचतो. एवढे पैसे भरू शकणारी घरं मोजकी, म्हणून यादीत खाली खाली जावं लागतं आणि ३००च्या आतल्या मुलांनाही जागा मिळते. पदव्युत्तर प्रवेशात तर २०२३मध्ये पात्रतेची रेषा थेट शून्य पर्सेंटाइलवर आणली गेली. उणे गुण मिळवलेला उमेदवारही पात्र ठरला.

तरी कॅप राउंडच्या, म्हणजे प्रवेशफेऱ्यांच्या दिवसांत पालकांचा राग निघतो आरक्षणावर. पाच गुणांनी जागा गेलेल्या मुलाचा बाप दुसऱ्या प्रवर्गाची यादी उघडून मोबाईलवर बोटांनी मोठी करून बघतो आणि त्याच्या मनात जे येतं ते आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. त्याचं दुःख खरं आहे, पण त्याने चुकीची यादी उघडली आहे. महाराष्ट्रात सरकारी कॉलेजांसाठी ओबीसीचा कटऑफ आता खुल्याला जवळजवळ लागून असतो. अनुसूचित जाती-जमातींसाठी रेषा खाली येते, आणि शिक्षणाच्या दाराबाहेर पिढ्यान्‌पिढ्या ठेवलेल्या समाजांसाठी ती यायलाच हवी. शेकडो गुणांची सवलत मिळते ती पैशाला, आणि तिला कुणी आरक्षण म्हणत नाही. ५०० गुणांचा शेतकऱ्याचा मुलगा ‘मेरिटमध्ये बसला नाही’ म्हणून परत येतो आणि त्याच्या निम्मे गुण असलेला मुलगा पांढरा कोट घालतो. या व्यवस्थेत कटऑफला गुणवत्तेचं माप म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

माप खरं मानल्याची किंमत मुलं आयुष्यातली वर्षं देऊन चुकवतात. लातूरच्या ट्युशन एरियात निकालानंतर फ्लेक्स लागतात, फोटोखाली मोठ्या अक्षरांत गुण असतात. मुलाने ते कितव्या प्रयत्नात मिळवले, ते बहुतेक फ्लेक्सवर नसतं. तमिळनाडूत न्या. ए. के. राजन समितीने हे मोजून पाहिलं होतं: तिथे एमबीबीएसला प्रवेश मिळालेल्यांत रिपीटरांचं प्रमाण २०१६-१७मध्ये आठात एक होतं, २०२०-२१पर्यंत ते दहात सातवर गेलं. म्हणजे रेषा ओलांडायला बहुतेकांना एखादं वर्ष जास्तीचं विकत घ्यावं लागतं. मेसचा डबा, खोलीचं भाडं आणि क्लासची फी भरून ज्या घराला ते परवडतं, त्या घराचं पोर पुन्हा बसतं. ज्याला परवडत नाही ते बीएस्सीला नाव घालतं, आणि त्यालाही आपण कमी पडलेलं म्हणतो.

रेषेच्या काठावर वेगळा मार्गही काढता येतो. नेदरलँड्समध्ये १९७०च्या दशकापासून २०१७पर्यंत मेडिकलच्या जागा सोडतीने दिल्या जात. शाळेतले गुण चांगले असतील तर सोडतीत नाव निघण्याची शक्यता जास्त, पण खात्री नाही. पुढे अगदी वरच्या गुणांच्या मुलांना थेट प्रवेश देऊ लागले. मध्यंतरी बंद झालेली ही वाट तिथल्या विद्यापीठांना अलीकडे पुन्हा खुली झाली आहे. आपल्याकडे सोडत आणावी असं मी सुचवणार नाही. पेपरफुटीने पोळलेल्या पालकांचा तिच्यावर विश्वास बसणार नाही. पण त्या पद्धतीमागचा प्रामाणिकपणा मला मोलाचा वाटतो. एका मर्यादेनंतर आम्हाला मुलांत फरक करता येत नाही, हे तिथल्या व्यवस्थेने मान्य केलं होतं. ज्याचं नाव निघालं नाही, त्याला आपण नालायक आहोत असं समजून घरी जावं लागलं नाही.

हा प्रामाणिकपणा आपल्याकडे दुसऱ्या मार्गांनी आणता येईल. तमिळनाडूने २०२०मध्ये सरकारी शाळांतून शिकलेल्या मुलांसाठी मेडिकलच्या साडेसात टक्के जागा राखल्या. जिल्हा परिषदेच्या शाळेतून शिकून रेषेच्या पाच-दहा गुण खाली थांबलेल्या महाराष्ट्रातल्या मुलीसाठी असा विचार व्हायला हवा. त्या गुणांच्या फरकात शहरातल्या मुलाचा एक टेस्ट सीरिजचा संच सहज बसतो. अशा तरतुदीला वेळ लागेल, कायदा लागेल, कोर्टकचेऱ्या होतील. राज्यातली प्रवेशप्रक्रिया चालवणाऱ्या सीईटी सेलला एक गोष्ट मात्र येत्या प्रवेशफेरीतही करता येईल. प्रत्येक फेरीनंतर कटऑफच्या यादीत दर कॉलेजासमोर आणखी दोन रकाने छापावेत: एकात त्या जागेची वर्षाची फी, दुसऱ्यात शेवटच्या निवडलेल्या मुलाच्या खाली पाच गुणांच्या आत किती मुलं राहिली तो आकडा. गुणांची आणि पसंतीक्रमांची सगळी माहिती सेलच्या संगणकात आधीच भरलेली असते.