मांडीवर घेण्याचा सोहळा

ऐतरेय ब्राह्मणातला शुनःशेप हा बापानेच विकलेला मुलगा. शंभर गाई घेऊन अजीगर्ताने त्याला यज्ञात बळी द्यायला दिला, आणखी शंभर घेऊन यूपाला, म्हणजे यज्ञाच्या खांबाला, बांधलं आणि तिसऱ्या शंभरांच्या बोलीवर सुरी पाजळत तो पुढे आला. देवांनी मुलाला सोडवलं, तेव्हा तो उठला आणि थेट विश्वामित्राच्या मांडीवर जाऊन बसला. बाप परत मागायला आला, तर मुलाने त्याला त्याच्या हातातल्या सुरीची आठवण करून दिली. विश्वामित्राने त्याचं नाव देवरात ठेवलं आणि त्याला थोरलेपणाचा मान दिला. मग सुरू झाली घरातली भांडणं. विश्वामित्राच्या एकशे एक मुलांपैकी मोठ्या पन्नासांना हे मुळीच रुचलं नाही आणि त्यांच्या वाट्याला शाप आला. मधल्या मधुच्छंदाने आणि धाकट्या भावांनी नव्या भावाला आपलं मानलं.

इतक्या जुन्या कथेत नातेवाइकांची कुरकुरसुद्धा नोंदवलेली आहे, हे विशेष. बाहेरून आलेलं मूल 'आपलं' होतं ते नेमकं कशाने, हा प्रश्न तेव्हापासून धर्माच्या दारात उभा आहे.

वसिष्ठ धर्मसूत्राने त्याचं उत्तर व्यवहारी ठेवलं. भाऊबंदांना बोलवावं, राजाला कळवावं, घराच्या मध्यभागी आहुती द्याव्यात आणि मग मूल घ्यावं. म्हणजे चोरून काही नाही, चार माणसांसमोर. एकुलता एक मुलगा देऊ नये नि घेऊही नये, असंही तिथेच बजावलं आहे. शौनकाच्या नावाने सांगितला जाणारा विधी याहून हृद्य आहे. घेणारा बाप मुलाची मागणी करतो, देणारा देतो. मग बाप मुलाला दोन्ही हातांनी घेतो, एक मंत्र जपतो आणि त्याचं मस्तक हुंगतो. त्या मंत्राचा आशय असा, की तू माझ्या अंगाअंगातून जन्मलास. शरीराच्या हिशेबाने हे सरळसरळ खोटं आहे. पण विधी काही वैद्यकीय दाखला देत नसतो. तो बापाला जबाबदारीत बांधतो, आणि सर्वांसमोर उच्चारलेलं ते वाक्य नंतर मागे घेता येत नाही.

अर्थात हा सगळा खटाटोप फार काळ मुलासाठी नव्हताच. तो होता पिंडासाठी, घराण्याच्या नावासाठी आणि गादीसाठी. झाशीच्या गंगाधररावांनी मृत्यूच्या आदल्या दिवशी, २० नोव्हेंबर १८५३ रोजी, पाच वर्षांच्या आनंदरावाला दत्तक घेतलं आणि त्याचा दामोदरराव झाला. गव्हर्नर जनरल डलहौसीने हा मुलगा खासगी मालमत्तेपुरता मानला, राज्यापुरता नाकारला. अर्धा मुलगा ही कल्पना कंपनी सरकारलाच सुचू जाणे! पुढे कवळाण्याचे गोपाळराव १८७५ मध्ये बडोद्याचे सयाजीराव झाले आणि कागलचे यशवंतराव घाटगे १८८४ मध्ये कोल्हापूरचे शाहू महाराज. त्या दत्तविधानांनी दोन संस्थानांचं नशीब पालटलं, पण निवड मुळात वारसाची होती.

मग मुलीचं काय? 'दत्तकमीमांसा' लिहिणाऱ्या नंदपंडिताने मुलगी दत्तक घेता येते असं म्हटलं आणि दाखले दिले ते दशरथाची शांता रोमपादाकडे गेली त्याचे, पृथा कुंतिभोजाची कुंती झाली त्याचे. 'व्यवहारमयूखा'च्या नीलकंठ भट्टांना ते पटलं नाही. पश्चिम हिंदुस्थानात कोर्टकचेऱ्यांत वजन मयूखाचं होतं. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने मुलीला समान जागा दिली. त्याच कायद्याने दत्तकविधीतला दत्तहोम आवश्यक नसल्याचं सांगितलं, मात्र मूल प्रत्यक्ष देण्या-घेण्याची अट कायम ठेवली. होम ऐच्छिक झाला, हात राहिले.

जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी तर वंश, पिंड, जात ही सगळी गणितंच बाजूला सारली. पुण्यातल्या आपल्या घरी त्यांनी फसवल्या गेलेल्या विधवांच्या बाळंतपणाची सोय केली होती. तिथे काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेला झालेला मुलगा त्यांनी पोटचा म्हणून वाढवला, तो यशवंत. १८९० मध्ये जोतीरावांच्या अंत्ययात्रेत यशवंतने अग्नीचं टिटवं धरायला भाऊबंदांनी हरकत घेतली, तेव्हा सावित्रीबाई स्वतः टिटवं घेऊन पुढे चालल्या, असं चरित्रकार सांगतात. विश्वामित्राच्या मोठ्या पन्नास मुलांचे वारस तिथेही हजर होते.

आज मूल घरी येतं तेव्हा मराठी घर बहुधा दत्तहोमाकडे वळत नाही, बारशाकडे वळतं. पाळणा सजतो, आत्या कानात नाव सांगते, घुगऱ्या वाटल्या जातात. दोन-अडीच वर्षांचं मूल पाळण्यात मावत नाही आणि टिकत तर त्याहून नाही. तरी हौस आवरत नाही! काही घरांत वाढदिवसाबरोबर 'घरी आल्याचा दिवस'ही साजरा होतो. बाल न्याय कायद्यात झालेल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर दत्तकाचा आदेश जिल्हाधिकारी देतात. वसिष्ठाने सांगितलेली राजाची वर्दी ती हीच. धर्म कोणताही असला तरी याच कायद्याने मूल दत्तक घेता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये शबनम हाश्मी खटल्यात स्पष्ट केलं. त्याच वेळी व्यक्तिगत कायदा पाळू इच्छिणाऱ्यावर हा मार्ग सक्तीचा नाही, असंही म्हटलं.

या आनंदात एक माणूस मात्र गळतं: देणारं. जुन्या विधीला देणाऱ्यावाचून सुरुवातच नव्हती. आता जी आई मूल सोपवते ती बाल कल्याण समितीसमोर सही करते आणि फेरविचाराला तिला दोन महिने मिळतात. बारशाच्या आमंत्रणात तिला जागा नसते, बऱ्याच घरांत बोलण्यातही नसते. पेढे वाटताना तिचा विषय कोण काढणार, हे समजण्याजोगं आहे. पण मूल मोठं होऊन 'मला कुणी दिलं?' असं विचारतंच, आणि ज्या घरात आधी एक शब्दही उच्चारलेला नसतो तिथे तो प्रश्न मुलाला आणि आईबापांनाही जड जातो. अठरा वर्षं झाल्यावर मुलाला आपल्या मुळांच्या शोधासाठी स्वतः अर्ज करता येतो. आईने ओळख गुप्त ठेवायला सांगितलं असेल, तर तिच्या संमतीखेरीज ती उघड होत नाही. तिच्या दृष्टीने हे योग्यच आहे. दत्तहोमाला बसणाऱ्या आईबापांना अशी मुभा नव्हती. त्यांना नावागोत्रासह समोर बसून 'दिला' म्हणावं लागे.