डाएट फसते तेव्हा दोष कोणाचा?

मिस्सा आटोपून मंडळी आवारात रेंगाळू लागली की हल्ली एक विषय हमखास निघतो. वजनाचा. कोणी ‘दीक्षित’ करीत असते, कोणी ‘दिवेकर’, तर कोणाचा आखातातला मुलगा ‘कीटो’वर असतो. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात, दिवसातून दोनच वेळा जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत आटपा, मधल्या वेळी काही खाऊ नका. ऋजुता दिवेकर सांगत आल्या, दर दोन तासांनी थोडे थोडे खा, भाताला भिऊ नका, तुपालाही नको. दोन्ही सल्ले एकमेकांच्या अगदी उलट, आणि दोन्हींनी बारीक झालेली माणसे ओळखीत सापडतात. तर्कशास्त्र शिकलेल्या माणसाची येथे पंचाईत होते. परस्परविरोधी दोन उपाय एकाच दुखण्यावर गुण देत असतील, तर तो गुण दोघांत समान असलेल्या एखाद्या गोष्टीत असला पाहिजे.

नावाजलेल्या डाएटची समोरासमोर परीक्षा परदेशात झालेली आहे. अमेरिकेत बॉस्टन येथे १६० जणांचे चार गट करून त्यांना अ‍ॅटकिन्स, झोन, वेट वॉचर्स आणि ऑर्निश ही चार डाएट वर्षभर पाळायला दिली होती. निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. अ‍ॅटकिन्समध्ये पाव, भात, साखर जवळजवळ बंद आणि मांस, अंडी, लोणी खुले. ऑर्निशमध्ये नेमके उलटे, स्निग्ध पदार्थच जवळजवळ बंद. वर्षअखेर सरासरी घट दोन ते सव्वातीन किलो, आणि गटागटांतला फरक किरकोळ. ज्याने जितके नेटाने पाळले तितके त्याचे उतरले. काय पाळले याने फारसे काही बिघडले नाही. मात्र १६० पैकी ९३ जणच शेवटपर्यंत टिकले. पुढे २०२० साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये १२१ चाचण्यांचा, सुमारे २२ हजार लोकांचा, एकत्रित आढावा आला. सहा महिन्यांपर्यंत बहुतेक डाएटनी थोडेफार वजन उतरते. बारा महिन्यांनी तो फायदा बराचसा ओसरलेला असतो. आपल्याकडची दोन नावे या चाचण्यांत नव्हती, म्हणून त्यांच्याविषयी यावरून निवाडा देणे योग्य नव्हे. पण समुद्र ओलांडल्याने पोटाचा स्वभाव फारसा बदलत असेल असे वाटत नाही.

तेव्हा डाएट लागू पडते का, या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे की सहा महिने जवळपास कोणतेही लागू पडते, पुढे बहुतेकांना नाही. यात लाजण्यासारखे काही नाही. आम्हाला खटकते ते यापुढचे. वजन उतरले की श्रेय डाएटचे. आधीचे आणि नंतरचे छायाचित्र शेजारी शेजारी छापून येते. वजन परत चढले की दोष माणसाचा: तुम्ही नीट पाळलेच नाही. विसाव्या शतकातले तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांनी अशा युक्तिवादापासून सावध केले होते. जो सिद्धांत कोणत्याच निकालाने खोटा ठरू शकत नाही, त्याला ते विज्ञान म्हणायला तयार नव्हते.

यावर कोणी म्हणेल, फादर, तुम्हीच तर सांगितले की जे पाळतात त्यांचे उतरते. मग न पाळणाऱ्याचा दोष नाही कसा? आक्षेप रास्त आहे. पण एखादे औषध दहापैकी चार रुग्णांना वर्षभर घेणेच जमत नसेल, तर आपण त्या चौघांना आळशी म्हणतो की औषध अवघड आहे असे म्हणतो?

आणि इच्छाशक्तीचाच प्रश्न असेल तर १९४४–४५ सालचा मिनेसोटा विद्यापीठातला प्रयोग आठवावा. युद्धाने उपाशी पडलेल्या युरोपला पुन्हा कसे खाऊ घालावे हे कळावे म्हणून ३६ तरुणांनी स्वतःहून अर्धपोटी राहण्याचे कबूल केले. सद्सद्‌विवेकबुद्धीला स्मरून हातात बंदूक घ्यायला नकार दिलेली ही मुले, त्यांतली बरीच क्वेकर, मेनोनाइट यांसारख्या शांतिवादी ख्रिस्ती पंथांतली. ऐन महायुद्धात सारा देश एकीकडे असताना आपल्या मताला चिकटून राहणाऱ्यांना कोण दुबळ्या मनाचे म्हणेल? चोवीस आठवड्यांत त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांश घटले. त्यासोबत त्यांच्या मनाचे काय झाले पाहा. ती रात्री अन्नाची स्वप्ने पाहू लागली, पाकक्रियेची पुस्तके जमवू लागली, ताटल्या चाटू लागली. प्रयोग संपून पोटभर अन्न मिळू लागल्यावरही कित्येकांची भूक भागेना. पुढे मेलबर्नच्या संशोधकांनी २०११ साली दाखवले की वजन उतरवल्यावर भूक चाळवणारी संप्रेरके वर्ष उलटून गेले तरी चढलेलीच राहतात. शरीराला बारीक होणे हे यश वाटत नाही. त्याला तो दुष्काळ वाटतो.

येथे आपल्या धर्मशिक्षणातला एक गैरसमजही दूर करायला हवा. सात मुख्य पापांत खादाडपणा आहे, म्हणून लठ्ठ माणूस दिसला की आपण मनातल्या मनात त्याचा पापनिवेदनाचा कागद भरून टाकतो. संत थॉमस अक्वायनस यांनी, पोप संत ग्रेगरी यांना अनुसरून, खादाडपणाचे पाच प्रकार सांगितले आहेत: वेळेआधी खाणे, उंची पदार्थांचा हव्यास, अति खाणे, अधाशीपणे खाणे आणि अति चोखंदळपणे खाणे. या यादीत शरीराचा आकार कोठेही नाही. (स्वतः थॉमस चांगले स्थूल होते, असे परंपरा सांगते.) पाचव्या प्रकाराकडे मात्र डाएटवाल्यांनी जरा लक्ष द्यावे. बदाम मोजून खाणारा, सुनेला आपल्यासाठी वेगळा स्वयंपाक करायला लावणारा आणि दिवसभर अन्नाखेरीज दुसरे न बोलणारा सडपातळ माणूसही या यादीत बसतो. उपवासकाळात ‘एका दगडात दोन पक्षी’ म्हणून डाएट उरकणाऱ्यांविषयी आम्ही एवढेच विचारू की वाचलेले पैसे गरिबाकडे गेले का.

याचा अर्थ प्रयत्न सोडावा असा नव्हे. पाचदहा किलो उतरले तरी मधुमेह्याची साखर आणि रक्तदाब यांत फरक पडतो. फक्त इन्सुलिन वा साखरेच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी शेजारणीच्या सांगण्यावरून एकेक जेवण बंद करू नये. साखर एकदम खाली येऊन चक्कर येते, कधी जिवावरही बेतते. आधी डॉक्टरांना विचारावे.

आणि आता इंजेक्शने आली आहेत. मौंजारो आणि वेगोव्ही २०२५ साली भारतात विक्रीला आली. कोणत्याही डाएटपेक्षा त्यांनी वजन पुष्कळ जास्त उतरते, हे चाचण्यांत दिसले आहे. वेगोव्हीतले औषध बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आले, हेही दिसले आहे. घेणारे कित्येकजण एक गोष्ट सांगतात: डोक्यात सतत चाललेली खाण्याची कुणकुण थांबली. ज्यांच्या डोक्यात ती कधी नव्हतीच, ते आजवर तिच्या अभावाला आपला संयम समजत आले असतील काय? लग्नाच्या पंगतीत एखाद्या मुलीच्या ताटाकडे पाहून ‘अजून घेतेस?’ असे विचारणारे बहुधा सडपातळच असतात.