वाफसा

2023 साली मान्सून केरळातच 8 जूनला पोचला. आमच्याकडं मृग कोरडा गेला. तेवढ्यात मी जुन्या ट्रॅक्टरची क्लच प्लेट बदलली, डिझेल लाइनीतली हवा काढली. इंजिनाचा आवाज ऐकून बांधाशेजारचा पोरगा आला.

"काका, धूळपेरणी करून द्या. भाडं रोख देतो."

घरात पैशाची नड होती. पण माझ्या रानात मीच पेरत नव्हतो. पाऊस हुकला तर बी त्याचं जाणार, भाडं माझ्या खिशात राहणार. म्हणालो, "वाफसा येऊ दे, पहिलं तुझंच रान पेरतो." तो रागानं गेला.

पाऊस आल्यावर शब्द पाळला. माझी पेरणी दोन दिवस मागं पडली. तरी रान त्याचं, बी त्याचं. त्याच्या वतीनं थांबायचा हक्क मला होता का, हे अजून उमगलेलं नाही.