घोडी नवी, वीणा तीच

माणसाने दात बदलले, चष्मा बदलला, तरी रेशनकार्डावर नाव तेच राहते. वाद्याची घोडी बदलली, की मात्र जाणकार डोळे बारीक करतात : ‘हे तेच का हो?’ गिटारवाले तिला ब्रिज म्हणतात नि स्क्रू पिळून मोकळे होतात. तंबोऱ्याच्या घोडीचे नखरे निराळे. मिरजेचा कारागीर कानसेने तिचा माथा घासतो, तारेखाली सुताचा जीव सरकवतो, तेव्हा कुठे जवारी लागते. घोडी नवी, आवाजही थोडा नवा. मग जुने उरले काय?

केंदूरसारख्या वारकरी गावात सप्ताहाची वीणा सात दिवस खाली ठेवीत नाहीत. वर्षानुवर्षांत तारा तुटतात, घोडी झिजते, गळे बदलतात; वीणा तीच. तेचपण तुकड्यांत नसावे, पुढच्याच्या गळ्यात देण्यात असावे. खुंटीवरच्या वीणेचे सगळे भाग मूळचे असतात. फक्त तिला ओळखणारे कोणी नसते.