जीर्णोद्धार आणि शब्दप्रमाण

न्यायदर्शनाने यथार्थ ज्ञानाची प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार साधने मानली असून त्यांना प्रमाणे म्हटले आहे. त्यांपैकी शब्द म्हणजे आप्ताचे वचन, आणि आप्त म्हणजे ज्याला विषयाचे यथार्थ ज्ञान आहे व जो ते जसेच्या तसे सांगू इच्छितो असा वक्ता. जुन्या स्पोर्ट्स कारचा जीर्णोद्धार करणारा कारागीर संदर्भग्रंथ उघडतो तेव्हा तो याच चौथ्या प्रमाणाचा आधार घेत असतो. म्हणूनच ग्रंथ एक सांगतो आणि गाडी दुसरेच दाखवते तेव्हा कोणावर विश्वास ठेवावा, हा प्रश्न केवळ तांत्रिक राहत नाही.

मार्च १९६१ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात जगापुढे आलेली जॅग्वार ई-टाइप या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. अगदी सुरुवातीच्या गाड्यांचे बॉनेट बाहेरून किल्लीने उघडावे लागे, पुढे त्याचे खटके आत आले. आरंभी पायांखालचा पत्रा सपाट होता, १९६२ मध्ये पायांना जागा मिळावी म्हणून तो खोलगट झाला. आणि १९६४ मध्ये ३.८ लिटरच्या इंजिनाची जागा ४.२ लिटरच्या इंजिनाने घेतली. हे फरक डोळ्यांना दिसतात. पण अनेक हातांतून गेलेल्या गाडीतला एखादा भाग मूळचा की मागाहून बसवलेला, याचा निर्णय प्रत्यक्ष एकट्याने करू शकत नाही, आणि तेथे ग्रंथ अपरिहार्य ठरतो.

मात्र प्रत्येक ग्रंथाचे आप्तत्व त्याच्या विषयापुरतेच असते. वर्कशॉप मॅन्युअल दुरुस्तीची रीत अधिकाराने सांगते, पण गाडी कारखान्यातून कोणत्या रूपात बाहेर पडली याची साक्ष देणे हा त्याचा हेतू नसतो. पार्ट्स कॅटलॉग कोणत्या चॅसी क्रमांकापासून कोणता भाग बदलला ते नोंदवतो, तर कारखान्याच्या नोंदवहीत त्या एका गाडीचा मूळ रंग, इंजिन क्रमांक आणि रवानगीची तारीख सापडते. पुढच्या काळातील अभ्यासकांचे मार्गदर्शक ग्रंथ अशा नोंदी आणि टिकून राहिलेल्या गाड्या पडताळून लिहिलेले असल्याने त्यांच्या वचनात अनुमानाचा अंश मिसळलेला असतो, आणि अनुमान नव्या पुराव्याने बाधित होऊ शकते.

याहून मूलभूत भेद जाती आणि व्यक्ती यांचा आहे. जाती म्हणजे अनेकांत समान असलेला धर्म आणि व्यक्ती म्हणजे समोरची एकमेव वस्तू. नोंदवही सोडली तर बहुतेक ग्रंथ जातीविषयी बोलतात, जीर्णोद्धार मात्र व्यक्तीचा होतो. कारखान्यात शिल्लक राहिलेले जुने भाग बदलानंतरही वापरले जात असल्याने एखादी अस्सल गाडी ग्रंथातल्या सीमारेषेबाहेर राहू शकते. अशा वेळी रंगाच्या तळाशी सापडलेला छेडछाड न झालेला जोड हेच बलवत्तर प्रमाण होय, आणि ग्रंथाशी जुळावे म्हणून तो कापून टाकणे म्हणजे साक्षीदारालाच नाहीसे करणे होय. वास्तूंच्या जतनासाठी १९६४ मध्ये झालेल्या व्हेनिस सनदेने तर्क सुरू होतो तेथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे असे ठरवले, आणि जुन्या वाहनांसाठीच्या ट्यूरिन सनदेने जतनाची हीच परंपरा पुढे चालवली. म्हणून ग्रंथाचा आदर करायचा तो गाडीला त्याच्या साच्यात बसवण्यासाठी नव्हे, तर गाडी स्वतः जे सांगते ते अचूक वाचता यावे यासाठी; आणि जेथे दोन्ही प्रमाणे मुकी राहतात, तेथे हात आवरणे हाच कारागिराचा धर्म ठरतो.